हसवणाऱ्यालाही एक शाल द्या

दरवर्षी 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. नांदगाव पेठच्या एमआयडीसीतल्या ज्या सूत कारखान्यात मी सहा वर्षं काढली, तिथे त्या दिवशी गेटच्या आत मांडव पडायचा. सगळ्यांनी मिळून सुरक्षेची शपथ घ्यायची, मग साहेबांचं भाषण, मग सत्कार. उत्कृष्ट उत्पादन, शंभर टक्के हजेरी, सुरक्षित कामगार, स्वच्छ विभाग. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र आणि स्टीलचा डबा. टाळ्या वाजायच्या आणि लोक समोशाच्या रांगेत लागायचे.

या सगळ्या वर्षांत एक माणूस कायम मागच्या रांगेत उभा असायचा. मेंटेनन्समधला फिटर. सगळे त्याला फिटरभाऊच म्हणायचे. त्याचं नाव स्टेजवरून कधी पुकारलं गेलं नाही. 2022 साली तो रिटायर झाला तेव्हा निरोप समारंभात त्याची नोकरीची वर्षं मोजून सांगितली गेली, रजा किती कमी घेतल्या तेही सांगितलं गेलं. पण तीन पाळ्यांमधल्या माणसांनी ज्या कारणासाठी त्याला मनात जागा दिली होती, त्याचा उल्लेखच झाला नाही. हा माणूस आम्हाला हसवायचा.

मला आज याच गोष्टीबद्दल लिहायचं आहे. कामाच्या ठिकाणी हसू आणणाऱ्या माणसांची आणि तसं वातावरण ठेवणाऱ्या कंपन्यांची जाहीर दखल घ्यायला हवी. ऐकायला हा विषय हलका वाटेल. मला तो तसा वाटत नाही. का, ते सांगतो.

ज्यांनी रिंगफ्रेम खातं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. शेकडो चात्या एकाच वेळी फिरत असतात. आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. हवेत कापसाची बारीक धूळ, अंगाला चिकटणारा दमटपणा, कारण हवा कोरडी झाली की धागा तुटतो. सायडर आठ तास मशीनच्या कडेने फिरत तुटलेले धागे जोडत असतो. तिथे जोक तोंडाने सांगता येत नाही, हाताने सांगावा लागतो. फिटरभाऊ लांबूनच हाताने साहेबांची चाल करून दाखवायचा आणि दहा माणसं न आवाज करता हसायची. रात्रपाळीत पहाटे तीन-चारला झोप डोळ्यांवर बसते, हात चुकतो, तेव्हा तो मुद्दाम एक चक्कर मारायचा. त्याला तसं कोणी सांगितलेलं नव्हतं.

एकदा मशीन बंद पडली. साहेब येऊन उभे राहिले आणि दर दोन मिनिटांनी विचारू लागले, किती वेळ लागेल? फिटरभाऊ खालूनच म्हणाला, "साहेब, तुमी इथं उभे राह्यले तं दोन तास, अन् केबिनीत गेले तं एक." साहेबही हसले आणि निघून गेले. मशीन तासाभरात सुरू झाली. एवढ्या एका वाक्याने भांडण टळलं, काम झालं आणि साहेबांची इभ्रतही राहिली. हे कौशल्य नसेल तर मग कौशल्य कशाला म्हणायचं?

पण फिटरभाऊची खरी किंमत मला कळली ती नोव्हेंबर 2021 मध्ये. त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधात 12 नोव्हेंबरला अमरावतीत मोर्चा निघाला. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला. त्या दोन दिवसांत शहरात दगडफेक झाली, दुकानं जळाली. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. कंपनीच्या बसेस शहरात येईनात. काही दिवसांनी आम्ही कामावर परतलो तेव्हा बसमध्ये कोणी कोणाशी बोलत नव्हतं. कॅन्टीनमध्ये जे आजवर कधी झालं नव्हतं ते झालं. आम्ही चार-पाच मुसलमान पोरं एका टेबलावर आणि बाकीचे दुसरीकडे. कोणी ठरवलं नव्हतं, पाय आपोआप तिकडे वळले. मधली दोन टेबलं रिकामी.

फिटरभाऊ डबा घेऊन आला. मधल्या रिकाम्या टेबलापाशी थांबला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग मोठ्याने म्हणाला, "काय राजेहो, शहरातली संचारबंदी उठली म्हणे. आपल्या टेबलावरची कवा उठते?"

कोणी हसलं नाही. तो तिथेच बसला, डबा उघडला आणि पुन्हा म्हणाला, "या ना बाप्पा इकडे. का पाच जणांच्या वर जेवाले बसलं तं कलम लागते?"

या वेळी दोन्हीकडून हसू फुटलं. माझ्या शेजारचा पोरगा उठला, तिकडून दोघं उठले. टेबलं सरकवली गेली. त्या दिवशी दंगलीवर कोणी चर्चा केली नाही, कोणी कोणाची माफी मागितली नाही. फक्त डब्यातली भाजी इकडून तिकडे गेली. शांतता समितीच्या बैठका शहरात होत होत्या, त्यांचं काम त्या करत होत्या. आमच्या कॅन्टीनची शांतता समिती मात्र एका फिटरने दोन वाक्यांत उरकली. कंपनीच्या कोणत्याही रजिस्टरमध्ये याची नोंद नाही. म्हणून मी इथे करून ठेवतो आहे.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा लेख खोटा ठरेल.

त्याच कारखान्यात दुसऱ्या प्रकारचं हसणंही होतं. शुक्रवारी जुम्म्यासाठी मी गेट पास मागायला गेलो की एक सुपरवायझर ठरलेलं वाक्य टाकायचा, "चालला का पाकिस्तानात?" आजूबाजूचे हसायचे. मीही हसायचो. न हसलो तर "याला मजाक समजत नाही" हा दुसरा शिक्का बसला असता. हे दर शुक्रवारी व्हायचं. मी ते सोसलं, कारण घरी पगाराची वाट पाहणारी माणसं होती.

पण मी नुसता सोसणारा नव्हतो. मेळघाटातून आलेला एक कोरकू पोरगा आमच्या खात्यात होता. त्याची मराठी वेगळी, बोलताना शब्द शोधायचा. त्याने तोंड उघडलं की त्याच्या बोलण्याची नक्कल व्हायची. ती नक्कल करणाऱ्यांत मी होतो. शुक्रवारचा माझा अपमान मी सोमवारी त्याच्यावर उतरवत होतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही. हळूहळू त्याने बोलणं सोडलं. पुढे एका मशीनच्या पट्ट्यावरचं जाळीचं झाकण सैल झालं आणि एका डॉफरचं बोट त्यात गेलं. बोट वाचलं, पण टाके पडले. नंतर कळलं की झाकण सैल असल्याचं त्या पोराने दोन दिवस आधी पाहिलं होतं. मी त्याला विचारलं, सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "मी बोललो की तुम्ही सगळे हसता."

या उत्तरावर मला आजही काही सुचत नाही. महिनाभराने तो काम सोडून गेला. 4 मार्चच्या मांडवात आम्ही सुरक्षेची शपथ घेत होतो आणि आमच्याच हसण्याने एका माणसाचं तोंड बंद केलं होतं.

तेव्हापासून माझी एक कसोटी पक्की झाली आहे. विनोद चांगला की वाईट हे तो किती हसवतो यावर ठरत नाही. तो कोणाला जवळ आणतो आणि कोणाला बाहेर ढकलतो यावर ठरतं. फिटरभाऊ स्वतःवर हसायचा, साहेबांवर हसायचा, मशीनवर हसायचा. त्याच्या हाताखालच्या हेल्परवर मी त्याला कधी हसताना पाहिलं नाही.

त्याला हे कुठून आलं? त्याचे वडील दुसऱ्याच्या शेतावर सालदार होते. वऱ्हाडात पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखाली उभे राहतात तेव्हा झडत्या म्हटल्या जातात. त्यात पाटलाची, सावकाराची, सरकारची, कोणाचीही खेचता येते. वर्षभर मान खाली घालून राबणाऱ्या गड्याला त्या दिवशी नवे कपडे मिळतात, मान मिळतो आणि मालकावर चारचौघांत विनोद करायचा हक्कही मिळतो. म्हणजे कामाच्या ठिकाणचा विनोद आणि त्याचा सत्कार ही अमेरिकेतून आलेली कल्पना नाही. आपल्या गावाच्या वेशीत ती आधीपासून आहे. एमआयडीसीच्या गेटवर मात्र तिला कोणी आत घेतलं नाही.

याच अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा. हातात खराटा घेऊन आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांना वऱ्हाडी बोलीत हसवत हसवत त्यांच्या अंधश्रद्धा, कर्ज काढून केलेले सण, दारू यांचा हिशेब मांडायचे. त्यांच्या विनोदात लोक स्वतःलाच हसायचे आणि घरी जाऊन विचार करायचे.

आणि आपल्या अगदी जवळचं नाव म्हणजे मरहूम डॉ. मिर्झा रफी अहमद बेग. 'मिर्झा एक्सप्रेस' घेऊन हा माणूस खेडोपाडी फिरला, हजारो कार्यक्रम केले. नोव्हेंबर 2024 मध्ये ते गेले. वऱ्हाडी बोलीतली त्यांची विनोदी कविता ऐकायला समोर बसलेले बहुतेक लोक शेतकरी, शेतमजूर. कापसाचा भाव पडलेला, अंगावर कर्ज, आणि तरी ते पोट धरून हसत, कारण मिर्झा त्यांच्यावर हसत नव्हते, त्यांच्या बाजूने हसत होते. त्या मंडपात कोणाला मिर्झांचा धर्म आठवत नसे आणि मिर्झांनाही तो लपवावा लागत नसे. मराठी मुसलमानाचं या मातीशी नातं काय, असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की वऱ्हाडाला पिढीभर हसवणाऱ्यांपैकी एक मिर्झा होता.

आमच्यातल्या काही जणांना वाटतं की हसणं-हसवणं दीनदार माणसाला शोभत नाही. त्यांनी सीरत पुन्हा वाचावी. एका माणसाने प्रेषितांकडे सवारीसाठी उंट मागितला. ते म्हणाले, उंटिणीचं पिल्लू देतो. तो गोंधळला, पिल्लू घेऊन मी काय करू? तेव्हा त्यांनी विचारलं, प्रत्येक उंट कोणत्या तरी उंटिणीचं पिल्लूच नसतो का? हा विनोद आहे, यात खोटं काही नाही आणि कोणाचा अपमानही नाही. दुसरा प्रसंग अबू दाऊदच्या हदीससंग्रहात आहे. प्रवासात एक साथीदार झोपला असताना काहींनी त्याची दोरी उचलली आणि तो दचकून जागा झाला. प्रेषितांनी बजावलं की मुसलमानाला असं घाबरवणं वैध नाही. आणि सूरह हुजुरातमध्ये तर एकमेकांची टर उडवायला आणि टोपणनावांनी हिणवायला सरळ मनाई आहे. ज्याला हसता तो कदाचित तुमच्यापेक्षा बरा असेल, असं तिथे कारण दिलं आहे. कोरकू पोराची नक्कल करताना ही आयत मला पाठ होती. पाठ असणं आणि पाळणं यात केवढं अंतर असतं!

देशाचा कायदाही हाच फरक करतो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013चा कायदा अश्लील शेरेबाजीला छळ मानतो. "मी तर जोक केला होता" हा बचाव तिथे चालत नाही, आणि चालूही नये. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. पॅकिंग खात्यातल्या किती बायकांना हे माहीत आहे, हा प्रश्न आपण आपल्या कारखान्यात विचारून पाहावा.

आता कंपन्यांबद्दल. हल्ली काही ठिकाणी व्यवस्थापनाला हसू आणायची हौस येते. हास्ययोग मुंबईत 1995 साली डॉ. मदन कटारियांनी सुरू केला, बागेत जमलेल्या मोजक्या माणसांपासून. आज तो जगभर पोचला आहे आणि स्वेच्छेने येणाऱ्यांना त्याचा आनंद मिळतो. पण आमच्याकडे एकदा पाळी सुटल्यावर सगळ्यांना थांबवून एक प्रशिक्षक आणला गेला. हात वर करा, हसा. बाहेर बस उभी, घरी पोरं वाट पाहतायत, मागच्या महिन्याच्या ओव्हरटाईमचे पैसे अडकलेले. मागून फिटरभाऊचा आवाज आला, "साहेब, या हसण्याचा ओव्हरटाईम भेटन का?" त्या तासातलं खरं हसू तेवढंच होतं.

त्याच्या प्रश्नात सगळं आलं. पगार वेळेवर नाही, पिण्याचं पाणी धड नाही, ठेकेदार पीएफ भरतो की नाही कळत नाही, अशा ठिकाणी हसण्याचा कार्यक्रम घेणं म्हणजे उपाशी माणसाला बडीशेप देणं.

उलट उदाहरणही आहे. अमेरिकेतली साउथवेस्ट एअरलाइन्स. 1992 साली जाहिरातीतल्या एका घोषवाक्यावरून तिचा दुसऱ्या एका छोट्या कंपनीशी वाद झाला. कोर्टात जाण्याऐवजी दोन्ही कंपन्यांच्या प्रमुखांनी डॅलसमध्ये लोकांसमोर पंजा लढवला. साउथवेस्टचे हर्ब केलेहर हरले, सगळे पोटभर हसले आणि घोषवाक्य दोघांनीही वापरलं. मालक स्वतःची फजिती करून घेतो तेव्हा खालच्या माणसाला हसायची मोकळीक मिळते. पण त्याच कंपनीने 1970च्या दशकापासून कर्मचाऱ्यांना नफ्यात वाटा दिला, हे आपल्याकडचे व्याख्याते सांगायला विसरतात. तिथे हसूही होतं आणि हिस्साही होता.

मग आपण काय करावं? माझं म्हणणं साधं आहे.

4 मार्चला असो की 1 मेला, सत्काराच्या यादीत एक नाव वाढवा. ज्याने वर्षभर माणसांना हसतं आणि एकत्र ठेवलं त्याचं. हे नाव एचआरने ठरवू नये. डबा ठेवून चिठ्ठ्या घ्याव्यात आणि चिठ्ठी टाकायचा हक्क ठेकेदाराच्या माणसाला, झाडूवालीला, कॅन्टीनच्या पोरालाही असावा. विनोद कोणाला टोचतो हे सगळ्यात खालच्या माणसाला सगळ्यात आधी कळतं. त्यांच्यापैकी कोणी म्हणालं की हा माणूस आमची टर उडवतो, तर ते नाव तिथेच बाद. शालीबरोबर दोन दिवसांची भरपगारी रजा द्यावी, स्टीलचे डबे घरात पुष्कळ झाले आहेत.

आणि कंपन्यांचा सत्कार करायचा असेल तर तोही करावा. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ 1953पासून आहे, कामगारांच्या नाट्यस्पर्धा घेतं, गुणवंत कामगारांना पुरस्कार देतं. गिरणीत दिवसभर राबून रात्री नाटकाची तालीम करणाऱ्या माणसांची कदर करणारी ही जुनी परंपरा आहे. याच मंडळाने हसत्या-खेळत्या कारखान्यांचीही दखल घ्यावी. अट एवढीच की आधी हजेरीपट आणि पगारपत्रक तपासावं, नंतर हसू.

हे आत्ताच का म्हणतो? 20 सप्टेंबर 2024 रोजी नांदगाव पेठच्या पीएम मित्र टेक्स्टाईल पार्कचं भूमिपूजन झालं. हजार एकरांचा पार्क. नव्या कंपन्या येतील, हजारो पोरं-पोरी कामाला लागतील. मेळघाटातले कोरकू, वलगाव रोडचे मुसलमान, खेड्यातले बौद्ध आणि कुणबी, बिहारहून आलेले कारागीर, सगळे एका छताखाली उभे राहतील. मशिनी बाहेरून आणता येतात. कॅन्टीनमधली टेबलं जोडणारा माणूस मात्र इथेच शोधावा लागतो, आणि सापडला तर त्याला जपावं लागतं.

फिटरभाऊ आता गावाकडे असतो. मध्ये त्याला फोन केला, म्हटलं तुमच्यावर लेख लिहितोय, सत्कार राहून गेला होता. तो म्हणाला, "लिही बाप्पा. पण माहं नाव नको टाकू, नाहीतं लोक म्हणतीन, पेन्शन वाढवाले लिहून घेतलं."

म्हणून नाव टाकलेलं नाही. त्या कोरकू पोराचा नंबर माझ्याकडे नाही. असता तर त्याला आधी फोन केला असता.